खाडे कोण धरणार?

साताऱ्याहून धाकट्या बहिणीचा फोन येतो तो रात्री, जेवणे उरकल्यावर. त्या दिवशी तो भर दुपारी अडीच वाजता आला, तेव्हाच काहीतरी बिनसले असावे अशी शंका मला आली.

"दादा, आज पासबुक भरून आणलं. दर महिन्याच्या बारा तारखेला तीनशे एकोणपन्नास रुपये जातायत. अकरा महिने झाले! बँकेतली मुलगी म्हणाली, कसल्याशा गेमचे आहेत. पोरगा जुगार खेळतोय रे."

"त्याला विचारलंस का?"

"विचारलं. तर म्हणतो, मामांकडेही भरतात, त्यांनाच विचार."

या वाक्याने मी चपापलो. कारण ते खरे होते. माझ्या मुलाने गेल्या वर्षी याच गेमसाठी परवानगी मागितली होती आणि मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता "बरं" म्हटले होते. पतसंस्थेत पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब लिहिणारा मी, स्वतःच्या घरातला हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा याचा विचार कधी केला नव्हता. करमणूक, शिक्षण, की सरळ बुडीत? रविवारी सकाळची एसटी पकडली आणि निघालो. पेठ नाका, कराड, उंब्रज मागे पडले तरी उत्तर काही सुचेना.

बहिणीने चहाबरोबर पासबुक पुढे केले. भाचा समोर बसला होता, बारावीत गेलेला, ओठावर मिसरूड फुटलेला आणि अपराध्यासारखा मान खाली घातलेला. मी सवयीने बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागलो. नोंदी दोन प्रकारच्या निघाल्या. एक ३४९ रुपयांची. ती बहिणीने हेरलेलीच होती. दुसरी ९९ रुपयांची, चौदा महिन्यांपासूनची. ती तिच्या नजरेतूनच सुटली होती.

"आणि हे नव्व्याण्णव कसले?"

भाच्याने मान वर केली. "ते फोनवरच्या गेम्सचं होतं, मामा. पन्नास-शंभर गेम्स एकत्र मिळतात. पण दिवाळीनंतर उघडलंच नाही मी ते."

तो जुगार नाही, हे आधी बहिणीला पटवणे आवश्यक होते. तिची भीती निराधार नव्हती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी अनेक घरांची धूळधाण केल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. याच कारणाने संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगसंबंधीचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी केली. परताव्याची आशा दाखवून पैसे लावायला सांगणारे खेळ चालवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला आहे. पण त्याच कायद्याने केवळ करमणुकीच्या किंवा कौशल्याच्या खेळांचा वेगळा वर्ग केला असून, अशा खेळांना प्रवेशासाठी वर्गणी घेता येईल असे म्हटले आहे. अट एकच, ती रक्कम पैज किंवा डाव म्हणून लावलेली नसावी. थोडक्यात, तिकीट काढून सर्कस पाहणे वेगळे आणि सर्कशीबाहेर तीन पत्त्यांवर पैसे लावणे वेगळे. भाच्याचे ३४९ रुपये तिकिटाचे होते. त्यातून परत काही मिळण्याची आशा नव्हती आणि म्हणून जास्त लावण्याचा मोहही नव्हता.

"मग तिकीट दर महिन्याला कशाला?" बहिणीने विचारले. प्रश्न रास्त होता.

आमच्या लहानपणी व्हिडिओ गेमच्या दुकानात नाणे टाकावे लागे. नाणे संपले की खेळ संपला आणि आपण घरी. पुढे नेट कॅफे आले, तिथे तासाचे वीस-पंचवीस रुपये द्यायचो. घड्याळाकडे एक डोळा ठेवूनच खेळ चाले. महिन्याची वर्गणी मात्र वेगळ्या गरजेतून आली. अमेरिकेत १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' नावाचा खेळ निघाला. हजारो माणसे एकाच वेळी, एकाच काल्पनिक जगात वावरत. ते जग खेळाडू झोपला तरी चालूच राही. ते चालू ठेवायला मोठे संगणक लागत, माणसे लागत, नवी भर घालावी लागे. त्यासाठी महिन्याला सुमारे दहा डॉलर आकारले गेले. २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला, त्याचे महिन्याला पंधरा डॉलर. २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर पोहोचले होते. एवढी माणसे दरमहा पैसे मोजतात, म्हणजे सगळीच खुळी असतील असे म्हणता येत नाही.

त्यानंतर वर्गणीचा दुसरा प्रकार निघाला. त्यात एका खेळाचे पैसे नसतात, आख्ख्या कपाटाचे असतात. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये 'गेम पास' काढला, ॲपलने २०१९ मध्ये 'आर्केड' आणले, गुगलने २०२२ मध्ये 'प्ले पास' भारतात आणला. शेवटच्या दोन्हींची इथली सुरुवातीची वर्गणी होती महिन्याला ९९ रुपये.

हे बहिणीला चटकन समजले. लग्नाआधी ती सांगलीच्या नगर वाचनालयाची सभासद होती. "म्हणजे वाचनालयासारखंच की," ती म्हणाली. "वर्गणी भरा, हवं ते पुस्तक न्या. वर्गणी थांबली की पुस्तक परत."

उपमा बरोबर होती, आणि तिच्यातच या व्यवहाराचे दुखणेही होते. वाचनालयात अनामत परत मिळते. इथे महिना संपला की हातात काही उरत नाही. मात्र एकदाच पैसे देऊन गेम विकत घेतला तर तो कायमचा आपला झाला, असेही आता राहिलेले नाही. 'द क्रू' नावाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ लोकांनी रोख पैसे मोजून घेतला होता. कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले आणि तो खेळ कोणालाच खेळता येईना. तेव्हा विकत घेणे शहाणपणाचे आणि वर्गणी भरणे उधळेपणाचे, हा आपला जुना ठोकताळा इथे पुरता लागू पडत नाही.

राहता राहिले 'मोफत' खेळ. मुले आणि पालक दोघेही त्यांना भुलतात. आत शिरल्यावर पात्राचे कपडे, बंदुकीचे रंग, या मोसमाचा पास, त्या मोसमाचा पास असे एकेक विकायला निघते. मित्राच्या पात्राला सोनेरी अंगरखा आणि आपल्याला फाटका सदरा, ही गोष्ट तेरा-चौदा वर्षांच्या पोराला केवढी लागते! तिथे महिनाअखेर किती गेले हे आधी कोणालाच सांगता येत नाही. वर्गणीच्या खेळात निदान आकडा आधी कळतो. अर्थात काही कंपन्या वर्गणीही घेतात आणि आत दुकानही मांडतात. ते आधी पाहून घ्यावे.

मग मी कागद घेतला. हिशेबनीसाला कागदाशिवाय विचार करता येत नाही. भाचा आणि माझा मुलगा शनिवारी रात्री दोन तास आणि रविवारी दोन तास खेळतात. महिन्याचे साधारण सोळा तास. ३४९ भागिले १६, म्हणजे तासाला बावीस रुपयांच्या आत. नेट कॅफेचा वीस वर्षांपूर्वीचा दर! सिनेमाच्या तिकिटापुढे तर हे काहीच नाही. मी विजयी मुद्रेने बहिणीकडे पाहिले.

भाचाही खुलला. "मामा, रोज एक तास वाढवला तर सात-आठ रुपयांवर येईल."

बहीण काही बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिले. आणि माझा हिशेब कुठे चुकला ते माझ्या लक्षात आले.

कॉलेजात असताना मी महिन्याच्या खानावळीत जेवत असे. पैसे आगाऊ भरलेले, पोट भरेपर्यंत जेवण. पहिल्या महिन्यात आम्ही सगळेच दोन पोळ्या जास्त खायचो. भूक नसायची, पैसे वसूल व्हायला हवेत एवढेच. वर्गणीच्या खेळाचेही तसेच होते. जितके जास्त खेळाल तितका तास स्वस्त, आणि तास स्वस्त पडतो म्हणून जास्त खेळायचे. पण मुलाच्या तासाची किंमत बावीस रुपये नसते. बारावीच्या वर्षात तर नाहीच नाही. माझ्या भागाकारात कंपनीला दिलेले पैसे होते; पोराने दिलेले तास फुकट धरले होते.

त्या खानावळीची आणखी एक रीत मला आठवली. आपण गावी जाणार असलो की आदल्या दिवशी मावशींना सांगायचे. त्या भिंतीवरच्या वहीत फुली मारायच्या. महिनाअखेर तेवढे खाडे वजा होत. दूधवाल्याचे तेच, पेपरवाल्याचे तेच. आपल्याकडे महिन्याचा कोणताही व्यवहार खाड्यांशिवाय पुरा होत नाही. सुट्टीवर गेलात, आजारी पडलात, मन नसले, तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. शिवाय पुढच्या महिन्यात पैसे भरलेच नाहीत तर व्यवहार आपोआप संपतो. सोडून जायला अर्ज करावा लागत नाही.

फोनवरच्या वर्गणीत याच्या अगदी उलट आहे. तिथे काहीच केले नाही तर व्यवहार चालू राहतो. थांबवायचा असेल तर उठून काहीतरी करावे लागते. परीक्षा असो, ताप असो, कंटाळा असो, खाडे धरणारी मावशी तिथे नाही. भाच्याने दिवाळीनंतर न उघडलेल्या त्या कपाटाचे सात महिन्यांचे ९९ म्हणजे ६९३ रुपये गेले होते. ज्या ३४९ वर घरात रणकंदन झाले, ते निदान वापरात तरी होते. खरा तोटा ज्या नोंदीत होता, तिच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते.

"पण मला विचारल्याशिवाय जातातच कसे?" बहीण म्हणाली.

विचारले होते. भाच्याने पहिल्यांदा सांगितले तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. "घे, घे" म्हणाली आणि फोनवर आलेला ओटीपीही तिनेच फोडणी घालता घालता मोठ्याने वाचून दाखवला. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानुसार अशा वर्गणीची पहिली मंजुरी खातेदाराने द्यावी लागते आणि नंतर दर वेळी पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना यावी लागते. सूचना येतच होत्या. आम्ही तिच्या फोनचे मेसेज काढले. कर्जाच्या जाहिराती, रिचार्जची आठवण आणि साडीच्या सेलच्या गर्दीत अकराच्या अकरा सूचना इंग्रजीत न वाचलेल्या पडून होत्या. नियम पंधरा हजारांपर्यंतच्या कपातीला पुन्हा ओटीपी मागत नाही. शंभराची आणि साडेतीनशेची वर्गणी त्यातून बिनबोभाट निघून जाते.

यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' म्हणून एक जागा असते. तिथे आपल्या खात्यातून आपोआप काय काय जाते त्याची यादी मिळते आणि तिथूनच ते थांबवताही येते. भाच्याने ती आईला उघडून दाखवली. ९९ ची वर्गणी तिने स्वतःच्या बोटाने बंद केली. मग पोरटे माझ्याकडे वळून म्हणाले, "मामा, तुमचं ऑटोपे बघू या?"

आता सांगण्यात संकोच कसला? माझ्या यादीत एका बुद्धिबळाच्या ॲपची वार्षिक वर्गणी निघाली. १२ डिसेंबर २०२४ ला गुकेश सिंगापूरमध्ये जगज्जेता झाला, त्या उत्साहात मी ती घेतली होती. रोज एक धडा शिकायचा, असा संकल्प. तो संक्रांतीपर्यंत टिकला. वर्षाने वर्गणी आपोआप पुन्हा कापली गेली. दोन हजारांवर रुपये, आणि दुसऱ्या वर्षात मी ते ॲप एकदाही उघडलेले नाही.

ही लाज मला जास्त वाटली, कारण मी सांगलीचा. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्य वेचून नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि सांगलीला बुद्धिबळाची पंढरी करून सोडले. स्वाती घाटेंसारखी महिला ग्रँडमास्टर या गावाने दिली. खेळायला समोर माणूस हवा, एवढीच काय ती अट. आणि घरबसल्या खेळायचे तरी वर्गणीची सक्ती कुठे आहे? थिबो डुप्लेसी या फ्रेंच तरुणाने २०१० मध्ये सुरू केलेले 'लिचेस' हे संकेतस्थळ संपूर्ण मोफत आहे. त्यावर जाहिरातीही नाहीत; लोकांच्या देणग्यांवर ते चालते. म्हणजे मी पैसे मोजले होते ते बुद्धिबळासाठी नव्हतेच. आपण आता शिकणार, या समाधानासाठी मोजले होते. पुष्कळशा वर्गण्या अशाच असतात. व्यायामशाळेची जानेवारीतली वर्गणी आठवा.

इथवर आल्यावर ३४९ चीही फुली मारून मोकळे व्हावे असे बहिणीला वाटत होते. "बारावी आहे. बंदच करून टाकू." भाचा काही बोलला नाही. तेव्हा मलाच बोलावे लागले.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. कृष्णेचे पाणी चढायच्या आदल्या दिवशी आम्ही सांगली सोडली आणि साताऱ्याला याच घरी येऊन राहिलो. पुढे आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले; तिथे धोक्याची पातळी आहे ४५ फूट. आमच्या घराचा तळमजला पाण्यात गेला. बहिणीच्या आवडत्या नगर वाचनालयाची पुस्तकेही त्या पुरात भिजली. मोठी माणसे टीव्हीपुढे सुन्न बसून असायची. माझा मुलगा तेव्हा पाचवीत, भाचाही पाचवीत. माझा मुलगा पहिले तीन दिवस कोणाशी बोललाच नाही. चौथ्या दिवशी भाच्याने त्याला जुन्या लॅपटॉपपुढे बसवले. एकाने बाण दाबायचे, दुसऱ्याने उडी मारायची, असा एक साधा खेळ दोघांत एकाच कळफलकावर. त्या संध्याकाळी पोरगा पहिल्यांदा हसला. आम्ही परत गेलो, घरातला गाळ उपसला. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. दोघांच्या घरांमधले अंतर सव्वाशे किलोमीटर. पण शनिवारची रात्र त्यांनी सोडली नाही. खेळ बदलत गेले, सोबती तेच राहिले. खेळता खेळता ते काय बोलतात ते मी दाराआडून कधीतरी ऐकले आहे. खेळाबद्दल निम्मेच असते. उरलेले कॉलेज, एखादी मुलगी, आईवडिलांची भांडणे आणि आपल्याला पुढे जमेल का, याबद्दल.

"ते साडेतीनशे रुपये गेमचे नाहीत गं," मी बहिणीला म्हटले. "ते शनिवारचे आहेत."

ती बराच वेळ पासबुकाकडे पाहत राहिली. मग मुलाला म्हणाली, "हे मला आधी सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस तेव्हा पैशांचं विचारलंस," तो म्हणाला.

शेवटी ठरले ते असे. वार्षिक वर्गणी कितीही स्वस्त दिसली तरी घ्यायची नाही, महिन्याचीच घ्यायची. आमच्या पोरांच्या गेममध्ये वर्गणी थांबवली तरी खेळाडूची जमवाजमव तशीच राहते. तेव्हा डिसेंबरपासून बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत ती बंद, दोन्ही घरांत. तोवर शनिवारी अर्धा तास नुसता फोनवर बोलायचे, त्याला पैसे पडत नाहीत. आणि दर महिन्याला कपातीच्या आधी घरात एकदा विचारायचे: गेल्या महिन्यात खेळलात का, आणि कोणाबरोबर? पहिल्याचे उत्तर "नाही" असेल तर वर्गणी त्याच दिवशी बंद. दुसऱ्याचे उत्तर "एकटाच" असे दोन-तीन महिने येत राहिले, तर पैशांची नव्हे, पोराची विचारपूस करायची. माझ्या बुद्धिबळाच्या ॲपचा निकाल भाच्याने माझ्यादेखत लावला. दंड म्हणून पुढच्या रविवारी दोन्ही पोरांबरोबर पटावर बसायचे मी कबूल केले.

महिन्याची वर्गणी परवडते का, असे मला आता कोणी विचारले तर मी रक्कम विचारत नाही. तुमच्या घरात खाडे कोण धरते, एवढेच विचारतो. कंपनी ते कधीच धरणार नाही. तो तिचा धंदाही नाही. जिथे घरातले कोणी ते धरते, तिथे साडेतीनशे रुपये जड नाहीत. जिथे कोणीच धरत नाही, तिथे नव्व्याण्णवही फार झाले.

निघताना बहिणीने कंदी पेढ्यांचा पुडा हातात दिला. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो तर ती भिंतीवरच्या कालनिर्णयापुढे पेन घेऊन उभी होती. दुधाच्या खाड्यांच्या फुल्या नेहमीप्रमाणे होत्याच. दहा तारखेच्या चौकोनात तिने एक गोल काढला आणि त्यात बारीक अक्षरात लिहिले, "शनिवार – विचारणे."